दोन हजार बत्तीस

पहिल्यांदा वाटलं, माझ्याच अंगठ्यातलं बळ गेलं.
मग वाटलं, गाडी रुसली.
रस्त्यापलीकडून ओळख देणारी ती,
आता अगदी अंगाला अंग लावून उभं राहिलं
तर कुठं एकदा डोळा मिचकावायची.

शालन म्हणाली, सेल संपला असंल.
म्हटलं, किल्लीला कसला आलाय सेल?

एकतीस वर्षं एसटी चालवली, तासगाव डेपोची.
तिला किल्ली म्हणून नव्हतीच.
एक बटण, हजार अंगठ्यांनी गुळगुळीत झालेलं,
आणि दार हिसडा मारला की उघडायचं,
नाहीतर खिडकीतून हात घालून.
मुक्कामाला वाडीवस्तीवर देवळापुढं रात्रभर उघडी उभी असायची,
कुणी नेली नाही.
एवढं लांबडं घर न्यायचं कुठं?

ही मात्र राखाडी, सेकंडहँड,
मिरजेच्या एका भूलतज्ज्ञाकडून फंडाच्या पैशात घेतलेली.
देताना डॉक्टर म्हणाले, आवाज अजिबात करत नाही.
मी मनात म्हटलं, तुमच्याकडं कोण करणार?

लक्ष्मी मार्केटच्या मागं इलाही मुजावरांचं घड्याळाचं दुकान.
दोन गिऱ्हाइकं आत, तिसरं रस्त्यात.
भिंतीवरची घड्याळं आपापल्या वेळेवर ठाम.
"मनगटं मोकळी झाली लोकांची," इलाही म्हणाले,
"आता किल्ल्याच येतात."
तक्रार नव्हती. डोळ्याला भिंग होतं.

बाजूची कळ सरकवून आधी त्यांनी किल्लीच्या पोटातून
काय काढावं?
किल्ली.
लोखंडाची, दातांची, साधी.
तीन वर्षं माझ्या खिशात होती आणि मला पत्ता नाही.
"सेल मेला म्हणून दार अडत नाही, ड्रायव्हरसाहेब.
हिनं उघडायचं."

आणि मी महिनाभर गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होतो,
हनुवटीला रिमोट लावून,
नातू म्हणाला होता, तसं केलं की लांब पोचतंय.
शेजारचे मोहिते बघत राहायचे,
हा माणूस रस्त्यात दाढी का करतोय.

मग एक रुपयाचं नाणं खाचेत, हलकी पीळ,
कट्.
माझा हात आपसूक पुढं गेला,
पोराला सुई टोचताना बापाचा जातो तसा.
"मोडलं नाही. उघडलं."

"दोन हजार बत्तीस दे रे," त्यांनी पोराला सांगितलं.
मला वाटलं, साल.
हिशेब होऊनही गेला:
मी अडुसष्ट, नातू बारावीला,
शालनचा दुसरा गुडघा झालेला असेल किंवा नसेल,
आणि गाडीचं पासिंग, बरोबर, त्याच साली संपतं.
एवढं सगळं पोरगं खोक्यातून काढणार होतं.

त्यानं काढली चवलीएवढी चकती,
पाठीवर आकडा कोरलेला.
"नंबर आहे सेलचा," इलाही म्हणाले. "साल नव्हे."
"मग चालेल किती?"
"दीड वर्षं. फार तर दोन."
"बास की," मी म्हणालो. खरंच बास वाटलं.

फडक्यात कडेनं धरून बसवली, अधिकची खूण वर.
जुनी गेली लोणच्याच्या बरणीत,
घट्ट झाकणाच्या, भरत आलेल्या.
पोरांच्या तोंडात जायला नको, म्हणाले.
साठ रुपये.

गाडी पलीकडं होती, सतारीच्या दुकानापुढं,
वाळत टाकलेल्या भोपळ्यांच्या शेजारी.
पायरीवरूनच दाबलं.
डावा कान माझा इंजिननं खाल्लाय,
टुक् झालं असेल तर ते भोपळ्यांनी ऐकलं.
पण चारी दिवे लागले, केशरी,
आणि तारा पिळणारा पोरगा दचकून मागं बघू लागला.
मी परत दाबलं.
परत.
इलाहींनी भिंग काढलं. "संपवू नका आजच."

रात्री पाणी प्यायला उठलो.
गॅलरीतून खाली, काही काम नसताना, एकदाच.
लांबूनच ओ दिली तिनं.

आतून शालन म्हणाली,
"झोपू दे की तिला."